सोळाबीन आणि बाभूय

माझ्या कपाटात सातवीतल्या एका मुलीची निबंधवही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. तिच्यात एका पानावर तिनं लिहिलंय, ‘माझी आई सोळाबीन निंदायला जाते.’ सोळाबीन या शब्दाखाली माझी लाल रेघ आहे. ती रेघ ओढताना मला आधी हसू आलं होतं. मग पेन तसंच हातात राहिलं, कारण मला कळलं की ही चूक त्या पोरीनं केलेली नाही. ती मी केली आहे.

बाहेरच्यांना हे समजायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या वऱ्हाडात ळ जिभेवर टिकत नाही, त्याचा य होतो. शाळेला आम्ही शाया म्हणतो, डोळ्याला डोया, सकाळला सकाय. आळस म्हणून नाही, आमची बोलीच तशी आहे आणि त्यात आमचं काही अडत नाही. पण कुणी हात धुवून मागे लागलं आणि एखाद्याला ळ शिकवला, की त्याची पंचाईत होते. आपल्या तोंडातला कुठला य मुळातला आणि कुठला ळ चा झालेला, हे त्याला कळत नाही. मग तो भीतीपोटी दिसेल त्या य ला ळ करत सुटतो. सोयाबीनचं सोळाबीन होतं ते असं. आख्खा जिल्हा ज्या पिकावर चालतो, त्याचं नाव त्या पोरीला माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

माझंही असंच झालं होतं. आमचा मळा रिसोडच्या बाहेर. वांगी, मेथी, सांभार, म्हणजे पुस्तकातली कोथिंबीर. बाबा पहाटे जुड्या बांधत आणि सायकलला टोपली लावून बाजारात नेत. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, तेही वनस्पतिशास्त्र घेऊन, तेही पुण्याला राहून. हे मी मिरवते. मिरवण्यासारखंच आहे ते. बाबा बाजारात गिऱ्हाइकाला वांगी मोजून देता देता सांगायचे, “माही पोरगी झाडायचं शिकून राह्यली पुण्यात.” आणि मी सुट्टीत घरी आले की मलाच विचारायचे, “झाडं तं सारे इथं हायेत. मंग झाडायचं शिक्याले पुण्याले कायले जा लागते वं?”

पुण्यात पहिल्याच महिन्यात वाळवलेल्या पानांचा संग्रह दाखवायचा होता. मी गावाकडून नेलेलं पान पुढे केलं आणि मोठ्यानं म्हणाले, “सर, हे पयसाचं पान.”

“कशाचं?”

“पयसाचं.”

“पायसाचं?” सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे खिरीचं?”

वर्ग हसला. सर स्वतःही हसले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, त्यांना खरंच गंमत वाटली होती. पण पुढची तीन वर्षं माझं नाव ‘खीर’ पडलं ते पडलंच. वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मी एकटी म्हणत बसायची, काळा फळा, पिवळं केळं, पळसाची पानं. ळ आला. इतका चांगला आला की माझं बोलणं ऐकून कुणी माझं गाव ओळखू शकत नव्हतं. मला ती माझी दुसरी पदवी वाटायची.

मग डी.एड. केलं आणि आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगाव आणि जऊळक्याच्या मधल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागले. आठवीपर्यंतची शाळा. विज्ञान माझ्याकडे, सहावी-सातवीला मराठीही माझ्याकडेच.

गावाच्या वरच्या अंगाला सरकारी पडीक जमीन आहे. तिला आमच्याकडे ई-क्लास म्हणतात. मुरमाड, उतरती, गावाची गुरं-बकऱ्या तिथंच चरतात. तिचा एक तुकडा ग्रामपंचायतीनं शाळेला झाडं लावायला दिला होता. झाडं तिथं दरवर्षी लागत होती म्हणा. दरवर्षी रोपं यायची, गुलमोहर नाहीतर कसलीतरी शोभेची, फोटो निघायचा, आणि दिवाळीपर्यंत सगळं वाळून जायचं. मावशी, म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई, त्या मला पहिल्याच वर्षी म्हणाल्या, “मॅडम, झाडं नवी असतात, पण खड्डे तेच हायेत. माह्या पोरानं खंदले होते थे. तो आता बारावीले हाय.”

मी ठरवलं, विकतचं रोप आणायचं नाही. मुलांनीच आपल्या मातीतल्या झाडांचं बी गोळा करायचं, मुलांनीच रोपं करायची, आणि त्या निमित्तानं झाडंही शिकायची. हेडसर म्हणाले, “करा. फक्त खर्च सांगू नका.” खर्च नव्हताच. खिचडीच्या तेलाची रिकामी पाकिटं आणि घरोघरच्या दुधाच्या पिशव्या साठवल्या, झालं.

निबंधवहीतली ती मुलगी तेव्हा सहावीच्या वर्गात होती. उंचीनं सगळ्यांत लहान आणि आवाजानं सगळ्यांत मोठी. घरी शेती नाही, दहा-बारा बकऱ्या. आई मजुरीला जायची आणि शाळा सुटली की बकऱ्या हिच्याकडे. बाकीची मुलं चिंचोके आणि कडुनिंबाच्या पलीकडे फारसं काही आणत नव्हती. ही ओढणीच्या टोकात रोज काहीतरी बांधून आणायची आणि टेबलावर उपडं करायची. पळसाच्या चपट्या शेंगा, करंजाच्या बिया, बाभळीच्या मण्यांच्या माळेसारख्या शेंगा, आणि मलाही पुस्तकात शोधावं लागेल असं एखादं काटेरी काहीतरी. प्रत्येक झाडाची तिची ओळख बकरीकडून आलेली.

“मॅडम, हे पयस. याच्या पत्रावयी होतात. बकऱ्या याले तोंड लावत नाहीत.” मग दुसरी मूठ. “अन हे बाभूय. हे बकऱ्यायची मिठाई. शेंगा पडून राह्यल्या तं बकऱ्या घरी यायचं नाव घेत नाहीत.”

वर्ग कान देऊन ऐकत होता. माझ्या दोन तासांच्या शिकवण्यानं जे होत नव्हतं ते तिच्या एका मुठीनं होत होतं. आणि मी काय म्हणाले?

“पयस नाही. पळस. जीभ वर वळव. म्हण, पळस.”

“पयस.”

“पळ-स.”

दहा वेळा म्हणायला लावलं, उभं करून. मला वाटत होतं मी तिच्यावर उपकार करते आहे. उद्या ही पोरगी कुठं बाहेर शिकायला गेली तर तिला कुणी खीर म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चार दिवसांत तिला ळ जमला. पळस, बाभूळ, पत्रावळी. मी टाळ्या वाजवायला लावल्या. ती लाजली, पण खूश होती. मग ती सगळंच माझ्यासारखं बोलायला लागली, माह्यं सोडून माझं, तुमाले सोडून तुम्हाला. मला कोण अभिमान!

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी मी वर्गाला ई-क्लासवर बी वेचायला नेलं. बाभळीखाली शेंगांचा सडा होता. सगळे वाकून वेचत होते, आणि तिची चप्पल फोडून काटा आत गेला. ती एका पायावर उभी राहिली आणि अगदी शुद्ध बोलायचं म्हणून जपून, ठासून म्हणाली,

“मॅडम, माझ्या पाळात काटा गेला!”

मी हसले. हे मला नीट सांगायचं आहे. पोरं आधी हसली नाहीत. आधी मी हसले, मग पोरं हसली, आणि मग थांबेचनात. “पाळात! पाळात काटा!” तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. खाली बसली, काटा स्वतःच उपटला, चप्पल घातली आणि शेंगा वेचू लागली. मीही मग “दाखव बघू” वगैरे म्हणाले असेन. ती म्हणाली, “निघाला.” तो तिचा शेवटचा शब्द. त्यानंतर कित्येक दिवस तिचा आवाज मी ऐकला नाही, आणि ऐकला नाही हेसुद्धा मला उशिरा कळलं.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. आमच्याकडे ऊन असं की शाळा उशिराच उघडते. मुलं एक इयत्ता पुढे गेली, पण झाडांचं काम त्याच वर्गाकडे ठेवलं. पिशव्या भरल्या, माती आणि शेणखत कालवून. पळस लावला, करंज लावला, चिंच लावली. बाभळीला मी सगळ्यांत जास्त पिशव्या ठेवल्या होत्या, कारण त्या मुरमाड उतारावर दुसरं काही तग धरायचं नाही याची मला खात्री होती. आता बाभळीचं बी टणक असतं, त्याचं कवच पाणी आत शिरू देत नाही, ते आधी गरम पाण्यात टाकावं लागतं, हे मला पाठ होतं. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहिलेलं. मी मावशींच्या चुलीवर मोठं पातेलं ठेवलं, पाणी खळखळलं आणि सगळं बी आत ओतलं. पाणी उतरवून मग बी टाकायचं असतं. मी तेवढ्यात हेडसरांकडे सही करायला गेले, आणि पातेलं चुलीवरच राहिलं.

परत आले तर मावशी पळीनं ढवळत होत्या. “मॅडम, फोडणी कायची देऊ?”

मी ते हसण्यावारी नेलं, बी निथळलं आणि पिशव्यांत लावून टाकलं. पंधरा दिवसांत पळस आला, करंज आला, चिंच तर अशी आली की पोरं रोज सकाळी मोजायला धावायची. बाभळीच्या पिशव्या कोऱ्या. महिना झाला तरी कोऱ्या. ज्या झाडाला कुणी कधी हातानं लावत नाही, ते झाड आमच्या शाळेत उगवत नव्हतं. गावाला विषयच मिळाला. एसटी थांब्यावर एक काका आपल्या शेताच्या बांधाकडे हात करत मला म्हणाले, “मॅडम, आमच्या धुऱ्यावरची बाभूय तोडून तोडून हात दुखले, मरत नाही. तुमी एकडाव आमच्या वावरात या. तुमी हात लावला तं मरते म्हणे.”

मीही हसले, पण आतून जळत होते. वनस्पतिशास्त्राची पदवी आणि बाभूळ उगवेना!

याच दिवसांत एकदा मावशी खिचडी वाढता वाढता म्हणाल्या, “काय वो मॅडम, थे भोंगा पोट्टी मुकी काहून झाली?”

“कोण?”

“थे बकऱ्यावाली. पहिले इथून ‘मावशी, वाढा’ म्हणे तं भिंत हालत जाय. आता ताट पुढं करते नुसतं.”

मी पाहिलं तर खरंच. हजेरीला ती फक्त हात वर करत होती. प्रश्न विचारला तर वही पुढे करायची, उत्तर लिहिलेलं. बी आणणं बंद. आणि मागच्या बाकावरची पोरं तिला हळूच म्हणायची, “ए पाळ, सरक.” मला तिचं ते नाव पहिल्यांदा ऐकू आलं, पण माझ्या स्वतःच्या नावाची आठवण तेव्हाही आली नाही. मी पोरांना रागावले आणि विषय मिटला असं समजले.

त्या आठवड्यात निबंधवह्या तपासायला घरी आणल्या. ‘माझी आई.’ तिचा निबंध सगळ्यांत लहान, आठ ओळी. ‘आमच्या घरी गाळ नाही, बकऱ्या आहेत.’ गाय लिहायचं होतं तिला. ‘माझी आई सोळाबीन निंदायला जाते.’ हसू आलं, लाल रेघ ओढली, आणि मग दिसलं की रेघेच्या आधीच तिनं तो शब्द दोनदा खोडलेला आहे. आधी सोयाबीन लिहिलं होतं, बरोबर. ते खोडून सोळाबीन. तेही खोडून पुन्हा सोळाबीन. जो शब्द जन्मल्यापासून तोंडात आहे, त्याच्यावर त्या पोरीचा भरवसा उरला नव्हता. त्या वेळी मला ते आठवलं. गच्ची, वाळत घातलेले कपडे आणि खीर.

रविवारी मी तिच्या घरी गेले. गावाच्या टोकाला दोन खोल्या, बाजूला बकऱ्यांचा गोठा, काट्यांचं कुंपण. आई भांडी घासत होती, हात पुसत उठली.

“या मॅडम, बसा. पोरगी बकऱ्या घेऊन गेली. काही केलं का तिनं?”

“नाही हो, तिनं काही नाही केलं.”

चहा झाला. बोलायचं कसं ते मला सुचेना, म्हणून मी इकडेतिकडे पाहत होते, आणि गोठ्याच्या मागे माझी नजर गेली. गोठा झाडून लोटलेला कचरा तिथं टाकलेला होता, आणि त्या ढिगावर हिरवी दाटी उगवली होती. नाजूक, चिमुकल्या पानांची. मी उठून जवळ गेले. बाभळी होत्या. बोट ठेवायला जागा नाही अशा.

“या बाभळी कुणी लावल्या?”

ती हसायला लागली. “बाभूय कोणी लावते काय मॅडम? दरसाल येतात अशाच. उपटून उपटून कंटाया येते.” मग जरा थांबून म्हणाली, “तुमच्या पिशव्याइत नाही आल्या म्हणे.”

“कुणी सांगितलं?”

“पोरीनंच. ज्या दिवशी लावल्या त्याच दिवशी घरी येऊन म्हणे, माय, मॅडमनं बी उकडलं, आता काय येते डोंबलं! मी म्हटलं, मंग सांग नं मॅडमले, गोठ्यातलं बी घ्या म्हणा. तं म्हणे, मले मॅडमवानी बोलता येत नाही, अन आपल्यावानी बोललं तं हासतात.” तिनं चहाचे कप उचलले. “मंग मीच म्हटलं, ऱ्हाऊ दे, नको सांगू. बकऱ्यायसंगं बोल.”

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होती. मी उगाच वाकून एक रोप उपटायला गेले. दोन बोटांची बाभूळ, पण मूळ हातभर खाली असावं. ते मधेच तुटलं. तुटकं रोप हातात घेऊन मी उभी होते आणि तेवढ्यात बकऱ्या आल्या. मागे ती. मला पाहून थबकली.

मी म्हणाले, “काहून वं, ह्या बाभयी कशा उगवल्या? सांगशीन का मले?”

कित्येक वर्षांनी मी बाभळीला बाभूय म्हणाले होते. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी थट्टा करते आहे का ते ताडत असल्यासारखं. मग माझ्या हातातल्या तुटक्या मुळाकडे पाहिलं. आणि बकऱ्या आत घातल्या.

सोमवारी मी वर्गात उभी राहिले आणि फळ्यावर काही लिहिलं नाही. पोरांना पुण्याची गोष्ट सांगितली. पानाची, सरांच्या चष्म्याची, पायसाची. पोरं खदखदून हसली.

“मॅडम, तुमाले खीर म्हणत होते?”

“तीन वर्षं.”

“मंग तुमी काय केलं?”

“काय करतो? बोलणंच कमी केलं.” मी तिच्याकडे न पाहता बोलत होते, पाहायची हिंमत नव्हती. “आता ऐका. उन्हाळ्यात हिच्या पायात काटा गेला, तवा पहिले मी हासली. तुमी नाही, मी. थे चुकलं माह्यं. ज्याले हासाचं थ्यानं मले हासाव, मी बी उकडणारी मॅडम हाव. तिले ‘पाळ’ म्हणणाऱ्याची माह्याशी गाठ हाय.”

मग मागून एकजण अगदी हळू म्हणाला, “अबे, मॅडमले आपलं बोलता येते!”

“येते म्हणजे? मी काय पुण्यात पैदा झाली का?”

पुन्हा हसणं. ती हसली की नाही, मला दिसलं नाही. मान खाली होती. त्या दिवशी ती बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. हजेरीला हात तसाच वर. मला वाटलं होतं मी माफी मागितली की झालं. असं होत नसतं. ती पोर माझ्या सोयीनं कशाला बोलेल?

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. मी वर्गाला घेऊन तिच्या गोठ्यावर गेले. तिच्या आईला आधी विचारलं होतं. पोरं नाकाला रुमाल लावून आली होती, पण आत शिरल्यावर रुमाल गेले. गोठ्याच्या कोपऱ्यात झाडलोट करताना बाजूला पडलेलं बी होतं, काळपट, स्वच्छ, पुसल्यासारखं. मी एक उचललं आणि शिकवायला सुरुवात केली. सवयच ती. “बघा मुलांनो, बकरी शेंगा खाते. बी तिच्या पोटात जातं. पोटातल्या आम्लानं कवच नरम होतं आणि मग लेंडीतून ते बी—”

“लेंडीतून नाही.”

सगळे वळले. ती दाराच्या खांबाला टेकून उभी होती.

“काय म्हणालीस?”

“लेंडीतून नाही येत मॅडम. एखांदं येते, बारकं. बाकीचं थे थुंकतात.” आवाज बारीक होता, पण तिचाच होता. “चरून आल्या की बसतात, मंग रवंथ करतात. शेंग खाली जाते, पुन्ना तोंडात येते. तवा बी दाताखाली आलं की कडक लागते नं, मंग फूकन्‌ थुंकून देतात. सकायी झाडलं की भिताडाच्या कडीले हेच बी असते. लेंडी फोडून पाहा नं तुमी.”

मी एक लेंडी उचलून फोडली. पोरं “ईऽऽ” करून मागे सरकली आणि मग सगळीच फोडायला लागली. बहुतेक लेंड्या रिकाम्या निघाल्या. एकीत एक बारीक बी सापडलं, तर ते शोधणाऱ्या पोरानं आरोळी ठोकली.

“मंग उपटून नेली रोपं तं चालते का?” कुणीतरी तिला विचारलं. मला नाही, तिला.

“नाही चालत. बाभूयचं मूय सरकं खाली जाते. मॅडमनं उपटली होती परवा, मोडली.” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चटकन म्हणाली, “बी न्या. बी लावा. बी मेलं नाही हे.”

एवढंच. भाषण नाही की काही नाही. मी बॅगेतून वही काढून ते सगळं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, रवंथ, थुंकणं, भिताडाची कड. माझ्या पदवीच्या पुस्तकात ते नव्हतं. किंवा असेल, मी त्या पानापर्यंत पोचले नसेन.

ते बी आम्ही पाण्यात एक दिवस भिजवून लावलं, साध्या, थंड पाण्यात. मावशींनी पातेलं द्यायला साफ नकार दिला होता, तेव्हा बादलीत भिजवलं. आठव्या दिवशी पिशव्यांत वाकलेल्या हिरव्या माना दिसल्या. सगळं बी आलं नाही, पण माझी लाज राखण्यापुरतं भरपूर आलं. थांब्यावरच्या काकांना मी मुद्दाम बोलावून दाखवलं. ते म्हणाले, “मॅडम, आता माह्या धुऱ्यावरची न्या, मी फुकट देतो.”

ती लगेच पहिल्यासारखी झाली असं नाही. झाडांच्या बाबतीत बोलायची, बाकी वेळी गप्प. हजेरीला हात जाऊन ‘हजर’ यायला दिवाळी उजाडली. मीही माझ्या परीनं बदलले. लिहिताना पळस, बोलताना पयस, असं वर्गात ठरलं. लिहायचा ळ मी आजही शिकवते आणि कडक शिकवते, परीक्षेत तो लागतोच. पण आता तो शिकवायच्या आधी फळ्यावर दोन रकाने करते, कुठला य आपल्या घरचा आणि कुठला ळ चा झालेला. सोयाबीन पहिल्या रकान्यात सगळ्यात वर असतं. पोरं विचारतात, हेच पहिले काहून? मी सांगत नाही.

पुढच्या जुलैत रोपं ई-क्लासवर न्यायला तयार झाली. जुन्या खड्ड्यांतली माती काढून ते आम्ही खोल केले, कारण बाभळीला खाली जायला जागा लागते. बकऱ्यांचं काय करायचं यावर वर्गात मोठी चर्चा झाली. तिनंच तोडगा काढला. वाळलेल्या बाभळीच्या काट्या प्रत्येक रोपाभोवती रोवायच्या, आणि दोन वर्षांनी काढायच्या. “मंग बकऱ्यायनं खाल्ली तं खाऊ द्या. त्यायचंच बी हाय.”

लावायच्या दिवशी गावातली बरीच माणसं आली होती. हेडसर, मावशी, थांब्यावरचे काका, तिची आईसुद्धा त्या दिवशीची मजुरी बुडवून आली होती. फोटोवाला मला म्हणाला, “मॅडम, जरा मागं सरका, तुमी मधी येऊन राह्यल्या.” मी हसतमुखानं एक पाऊल मागे सरकले, मग अजून एक.

“पाय!”

ती आरोळी अशी होती की चढावरच्या बकऱ्यांनीही माना वर केल्या. ती उताराच्या त्या टोकावरून धावत येत होती, दोन्ही हातांना चिखल, तोंड लालबुंद.

“मॅडम, पाय! पाय उचला तुमचा! बाभूयवर देल्ला नं पाय!”

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. कुणीही हसलं नाही. नंतर सगळे माझ्यावर हसले ते वेगळं. मी एका पायावर उभी राहिले, जिथं होते तिथंच, आणि तिनं खाली बसून माझ्या चपलेखालचं रोप बोटानं सरळ केलं, मुळाशी माती दाबली आणि वर न बघता म्हणाली,

“आता ठिवा.”